देवानं माफ केलं, तर मग झोप का येत नाही?

"पाप कबूल केलं, रडून प्रार्थना केली, तरी देवाशी समेट झाला असं मनाला पटत नाही." समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी ख्रिस्ती माणसं, विशेषतः पन्नाशी-साठीतली, हे वारंवार बोलून दाखवतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापूस पिकवणाऱ्या काकांची हकिगत त्यासाठी सांगते. त्यांच्या परवानगीने, आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

काकांना त्यांच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकांनी पाठवलं होतं. बऱ्याच दिवसांपासून ते प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, थांबत नव्हते. उपदेश संपला की चपला घालून बाहेर. पहाटे तीनला उठून तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा करायची, जेवणावरची वासना उडालेली. "मॅडम, मी देवाले तोंड दाखवाच्या लायकीचा नाई," पहिल्या भेटीत याच्या पुढे गाडी गेली नाही.

मी सरळ विचारलं, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का? आमच्याकडे घराघरात फवारणीचं औषध असतं, त्यामुळे हा प्रश्न मी कुणालाही विचारल्याशिवाय राहत नाही. असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात नको ते येतं, ही समजूत खोटी आहे. मागच्या उन्हाळ्यात तसं मनात आलं होतं, म्हणाले. काकूंना औषधाची खोली कुलूपबंद ठेवायला सांगितलं, मानसोपचार डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांच्या फोनमध्ये घातला. पापाचं बोलणं त्यानंतर.

वडील वारले तेव्हा काकांनी धाकट्या बहिणीला "पीककर्जासाठी सही पायजे" म्हणून रजिस्ट्री ऑफिसात नेलं आणि वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही घेतली. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगा-मुलगी सारखेच. म्हणजे त्या जमिनीत बहिणीचा हक्काचा वाटा होता, आणि काकांना हे तेव्हाही माहीत होतं. बहिणीला कळलं काही वर्षांनी, सातबारा पाहिला तेव्हा. भांडली नाही. येणं बंद केलं.

काकांना वचनं तोंडपाठ. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही बायबलचं शिक्षण देणारी संस्था १९८३ साली पुण्याला जाण्याआधी यवतमाळलाच होती, आणि लहानपणी तिथल्या विद्यार्थ्यांनी शिकवलेलं ते अजून म्हणून दाखवतात. पण या पाठांतरातूनच त्यांनी स्वतःसाठी फास विणला होता. अयोग्य रीतीने भाकर खाणारा दोषी ठरतो, हे बायबलमधल्या, पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन त्यांनी धरून ठेवलं होतं. लगेच पुढे पौल म्हणतो की माणसाने स्वतःला पारखावं आणि मग खावं. दूर राहा असं म्हणत नाही. शिवाय तिथे अयोग्य वागणं कोणतं? काही जण पोटभर जेवत होते आणि शेजारचा गरीब भाऊ उपाशी बसत होता. हे वाचून काका बराच वेळ गप्प होते.

दुसरी अडचण पौलाच्याच कलस्सैच्या पत्रातली. देवाला परके झालेल्या, मनाने वैरी असलेल्या लोकांचा ख्रिस्ताच्या मरणाने समेट झाला, त्यांना आपल्यासमोर पवित्र, निष्कलंक, निर्दोष असं उभं करावं म्हणून, असं पहिल्या अध्यायात आहे. पण त्यापुढे "जर विश्वासात टिकून राहाल तर" येतं. "मी कुठं टिकलो?" काका विचारायचे. तिथे टिकायचं आहे ते सुवार्तेच्या आशेत, हे त्यांच्या नजरेतून सुटलं होतं. कधीही न चुकणाऱ्यांनाच हे लागू असतं, तर पौलाने ते वैरी असलेल्यांना उद्देशून कशाला लिहिलं असतं?

मग हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. काका कित्येक वर्षं दशांशाच्या, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याच्या, दुप्पट दान देत होते, दर शुक्रवारी उपास करत होते. सावकाराचं व्याज भरावं तसं देवाकडे भरत होते आणि मुद्दल तिथंच. कारण देणं होतं बहिणीचं, आणि तिला एक रुपया गेला नव्हता.

"स्वतःला माफ करा" असं सांगायची आमच्या क्षेत्रात फॅशन आहे. काकांना ते सांगण्यात काही अर्थ नव्हता. ज्याची जमीन गेली तो माफ करील; ज्याने घेतली त्याने स्वतःलाच माफ करून कसं चालेल?

जक्कयाची गोष्ट मी त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावली. लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात हा जकातदार अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट देतो म्हणतो. काका मधेच थांबले. "म्हंजे येशू आधीच त्याच्या घरी गेलता? वापस कराच्या आधी?" आधीच. देवाने निर्दोष म्हणून जवळ घेणं ही भरपाईची पावती नव्हती. आणि जवळ घेतलं म्हणून बहिणीचं देणं बुडालंही नव्हतं. उलट ते द्यायला आता पायांत बळ आलं.

त्यानंतरच्या प्रभुभोजनाला काका थांबले. बहिणीकडे ते त्यानंतर गेले, हे मला महत्त्वाचं वाटतं. तिने दारात उभं ठेवून ऐकून घेतलं. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. "मोजणी करून माझा हिस्सा माझ्या नावानं कर, मंग बोलू," एवढंच. काका हे सांगताना रडले, पण त्या रात्री औषधाच्या गोळीसह का होईना, झोपले. पहाटेची प्रार्थना आता एकदाच होते.

जमीन परत द्यायला काकूंचा विरोध नाही. मुलाचा आहे. ते वावर पुढे आपलं म्हणून त्याने विहिरीसाठी कर्ज काढलं आहे, आणि बापाच्या पापाचा हप्ता मी का भरू, हा त्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. पुढच्या वेळी त्याला बोलावलं आहे, एकट्याला.