जुना प्लेअर देऊन टाकू नका (ब्लू-रे घ्यावा का?)

तुमच्या प्रश्नातलं ‘मेहुणा दिवाळीला न्यूजर्सीहून येतोय, येताना फोर-के प्लेअर आणतोय’ हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. घरात दोनेकशे डीव्हीडी, थोड्या व्हीसीडी, ५५ इंची नवा टीव्ही, आणि आता ब्लू-रेवर (डीव्हीडीसारखीच डिस्क, पण चित्र जास्त स्पष्ट) जावं का? २०१२ साली आमच्याकडे डिट्टो हेच होतं. फक्त मेहुण्याऐवजी साडू.

चित्र चांगलं दिसतं का, यावर वेळ घालवत नाही. दिसतं. चित्रातले ठिपके मोजलेत तर डीव्हीडी ७२० बाय ५७६, ब्लू-रे १९२० बाय १०८०, फोर-के (ब्लू-रेचीच पुढची पिढी) त्याच्या चौपट. व्हीसीडी मोठ्या टीव्हीवर लावलीत तर चेहऱ्याऐवजी चौकोन दिसतील, नवा प्लेअर त्याला काही करू शकत नाही.

माझी चूक ऐका. साडूने अमेरिकेहून ब्लू-रे प्लेअर आणला त्याच संध्याकाळी मी जुना डीव्हीडी प्लेअर भंगारवाल्याला दिला, दीडशे रुपयांत, रिमोटसकट. रात्री आईने ताईच्या लग्नाची डीव्हीडी काढली. नव्या यंत्राने ती आत घेतली, जरा गुरगुरलं आणि ‘ही डिस्क चालत नाही’ अशी पाटी दाखवली. विकतच्या हिंदी सिनेमांच्या मात्र बऱ्याच चालल्या, म्हणून मी समजलो डिस्कच खराब. तिथेच शंकेची पाल चुकचुकायला हवी होती, पण नडली ती दुसरीच पाल. आपले लग्नाचे व्हिडिओवाले पाल (PAL, आपल्याकडची टीव्हीची पद्धत) पद्धतीत डिस्क बनवायचे, सेकंदाला २५ फ्रेमची. अमेरिकेत विकलेले बरेच प्लेअर फक्त एनटीएससी, म्हणजे तिकडची पद्धत, वाचतात. वर रीजनची, म्हणजे डिस्क कुठल्या देशांत चालावी याच्या कोडची, भानगड वेगळीच: डीव्हीडीला अमेरिका १, आपण ५, ब्लू-रेला अमेरिका ए, आपण सी. सिनेमांच्या ज्या डिस्क चालल्या त्या सर्व रीजनच्या आणि एनटीएससी होत्या, एवढंच.

हे मला चार वर्षांनी कळलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला (नाव घेत नाही) तीन खेपा घातल्या होत्या. पहिल्यांदा ‘ठेवून जा’. दुसऱ्यांदा ‘हे मॉडेल आमच्या सिस्टिमला दिसत नाही’. तिसऱ्यांदा ‘सर, डिस्क मऊ कापडाने पुसून बघा’, आणि तपासणीचे पैसे. एकाने जरी ‘पाल’ एवढी दोन अक्षरं उच्चारली असती! असो. अजून डोकं तापतं.

डिस्क कपाटात पडून राहिली. २०१९ मध्ये जुन्या बाजारातून एक साधा डीव्हीडी प्लेअर आणला. मंगलाष्टकं व्यवस्थित झाली, अंतरपाट अर्धा खाली आला आणि चित्र थिजलं. घरगुती रेकॉर्ड केलेल्या डिस्कमधला रंगाचा थर उष्णतेने-दमटपणाने खराब होतो. छापील डिस्कपेक्षा ती बरीच नाजूक. व्हिडिओवाल्याने मूळ कॅसेट केव्हाच पुसली होती. बाबा पुढच्या भागात होते.

तर आता सल्ला. (मी बँकेतला माणूस, इंजिनिअर नाही, तेव्हा खात्री करून घ्या.) यूट्यूबवाले सांगतील की फोर-के डिस्कला रीजन नसतो. खरं आहे. पण त्याच यंत्रात घातलेल्या साध्या ब्लू-रेला आणि डीव्हीडीला असतो, हे सांगायचं ते विसरतात. यंत्राच्या पाठीवरचं व्होल्टेजही मेहुण्याला आधी वाचायला लावा. नुसतं १२० लिहिलेलं असेल तर इथे ट्रान्सफॉर्मर लागेल.

मुख्यतः मराठी पाहत असाल तर माझ्या मते या फंदात पडूच नका. मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी काढली तेव्हा आपण पिशव्या भरभरून आणल्या. दुकानात मराठी ब्लू-रे पाहिल्याचं मात्र मला आठवत नाही. इंग्रजी सिनेमांचा नाद असेल, चांगले स्पीकर असतील तर जरूर घ्या. फोर-के डिस्कवरून चित्राची माहिती सेकंदाला शंभर मेगाबिटच्या वर येऊ शकते, ओटीटी साधारण १५ ते २५ मध्ये भागवतं. अंधाऱ्या प्रसंगांत फरक चटकन कळतो. फक्त हेही बघा की ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं सोडलं आणि सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवी मॉडेलं थांबवली. उद्या लेन्स गेली तर कोणाकडे जाणार?

कॉम्प्युटरवर पाहू म्हणाल तर इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवर फोर-के डिस्कचा अधिकृत मार्ग बंद आहे. पण यूएसबीवर चालणारा साधा डीव्हीडी ड्राइव्ह घ्याच. लग्नामुंजीच्या डिस्कना कॉपीचं कुलूप नसतं, एका रविवारात पाच-सहा उतरवून होतात. ड्राइव्हचा रीजन मात्र पाचदाच बदलता येतो, उगाच खेळत बसू नका.

मेहुण्याला सांगा, प्लेअर राहू दे, मोठी हार्ड डिस्क आण. आणि तुमचा जुना प्लेअर अजून घरात आहे ना?