वाचकांचे प्रश्न : धायरी ते चाकण, रोजचे ९० किलोमीटर

प्रश्न : मी धायरीला राहतो आणि चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. आजवर कंपनीची बस होती; पुढच्या महिन्यापासून शिफ्ट बदलत असल्याने ती मिळणार नाही. येऊन-जाऊन ९० किलोमीटर होतात आणि महिन्यातून २५ दिवस जावे लागते. बजेट ऑन-रोड आठ लाखांच्या आसपास आहे. मित्र जुनी डिझेल गाडी घ्यायला सांगतात, शोरूममध्ये पेट्रोल सुचवले. डावा गुडघा दुखतो आणि सोसायटीत चार्जिंगची सोय नाही. कोणती गाडी घ्यावी? (एक वाचक, धायरी)

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांवरून महिन्याला २,२५० आणि वर्षाला २७,००० किलोमीटर होतात. इतके रनिंग असणाऱ्याने गाडीच्या किमतीआधी महिन्याचा खर्च मांडावा. पेट्रोल १०४ रुपये लिटर, सीएनजी ९२ रुपये किलो असे धरू. दर बदलतील तसे आकडे बदलून घ्यावेत. लहान पेट्रोल गाडी आपल्या रस्त्यावर लिटरला १८ किलोमीटर चालली, तर १२५ लिटर, म्हणजे १३,००० रुपये लागतील. तशाच सीएनजी गाडीने किलोला साडेबावीस किलोमीटर दिले, तर १०० किलो, म्हणजे ९,२०० रुपये. महिन्याला ३,८०० रुपये वाचतात. सीएनजी मॉडेलसाठी ९०,००० रुपये जास्त मोजावे लागले, तरी ते दोन वर्षांच्या आत वसूल होतात. त्यामुळे माझे मत कंपनी फिटेड सीएनजीकडे आहे. चार्जिंगची सोय असती तर इलेक्ट्रिक गाडीचाही विचार करायला सांगितले असते.

आता कोणती सीएनजी? मायलेजमध्ये वॅगन आर पुढे आहे. कंपनीचा दावा किलोला सुमारे ३४ किलोमीटरचा आहे. प्रत्यक्षात २५ मिळाले तरी वर धरलेल्या गाडीपेक्षा महिन्याला ९०० रुपये वाचतील. तरीही आपल्यासाठी मी तिला पहिली पसंती देणार नाही, आणि त्याचे कारण रस्ता आहे. आपल्या वाटेवरच्या पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर मागून भरधाव आलेल्या ट्रकने रांगेतल्या गाड्या चेपल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. पुढे बाह्यवळण मार्गावर आणि चाकणच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना कंटेनर असतात. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या चाचणीत वॅगन आरला प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाचपैकी एकच तारा मिळाला होता. नंतर तिच्या सर्व प्रकारांत सहा एअरबॅग आल्या हे खरे, पण माझी शंका गाडीच्या सांगाड्याबद्दल आहे. तिच्याऐवजी घेता येईल अशा टाटा टियागोला २०२० मध्ये चार तारे मिळाले. तेव्हाचे निकष आजच्याइतके कडक नव्हते, हेही लक्षात ठेवावे. डिझायरला नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच तारे मिळाले, परंतु तिचे सीएनजी मॉडेल आपल्या बजेटबाहेर जाते. घरी आपली वाट पाहणारी माणसे असताना महिन्याच्या ९०० रुपयांसाठी मी हा धोका पत्करणार नाही.

म्हणून माझी शिफारस टियागो सीएनजीची आहे, आणि गुडघ्याचा विचार करता तिच्या एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणाऱ्या प्रकाराची. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या या प्रकारात क्लचचे पेडलच नाही. मोशीपासून पुढे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात तेव्हा त्या पेडलवर पाय किती वेळा जातो, हे एका संध्याकाळी मोजून पाहावे. बजेट थोडे ताणावे लागेल. ते ताणावे, आणि त्याऐवजी टचस्क्रीन, अलॉय व्हील असल्या गोष्टी सोडून द्याव्यात. दोन लहान सिलिंडर तळाशी बसवलेले असल्याने डिकीत सामानाला जागाही उरते.

सीएनजीच्या अडचणीही सांगायला हव्यात. एका भरण्यात साधारण आठ किलो गॅस बसतो, म्हणजे आपल्याला दिवसाआड पंपावर जावे लागेल. संध्याकाळी रांग लांब असते आणि प्रेशर कमी असले तर टाकी पूर्ण भरत नाही. शिफ्टला जाताना वाटेवर, आपल्याच बाजूला पंप आहे का, हे गाडी घेण्याआधी पाहून ठेवावे. ताकद पेट्रोलच्या तुलनेत सुमारे पंधरा टक्के कमी मिळते, ते चढावर एसी चालू असताना जाणवते. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. दहा हजार किलोमीटरला एक सर्व्हिसिंग धरले तर वर्षाला जवळजवळ तीन होतील, तेही हिशेबात घ्यावे.

जुन्या डिझेलबद्दल आपले मित्र अगदीच चुकीचे नाहीत. लांबच्या रनिंगला डिझेल चांगलेच. पण या पैशांत मिळणारी गाडी बहुधा एप्रिल २०२० च्या आधीची, बीएस-४ या जुन्या प्रदूषण निकषांची आणि दीड लाख किलोमीटर झालेली असेल. इंजेक्टर, टर्बो, क्लच यांपैकी एकाचे काम निघाले की वाचवलेले पैसे गेले. शिवाय रात्री साडेअकराला शिफ्ट सुटल्यावर गाडी बंद पडली, तर तो त्रास पैशांत मोजता येत नाही.

तरीही जुनीच घ्यायची झाली तर माझा अनुभव उपयोगी पडेल. काही वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून सीएनजी किट बसवलेली गाडी घेतली. मीटरवर ३८,००० किलोमीटर होते, पण क्लच पेडलचे रबर इतके गुळगुळीत झाले होते की त्यावरच्या रेघाही दिसत नव्हत्या. ते मी पाहिले आणि दुर्लक्ष केले. नंतर सर्व्हिसचे रेकॉर्ड काढले तेव्हा गाडी ९०,००० च्या पुढे गेलेली निघाली, आणि किटची नोंद आरसी बुकात नव्हती. अशी नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडतो. म्हणून आरसीवर इंधनाच्या रकान्यात सीएनजी लिहिलेले आहे का, सर्व्हिसच्या नोंदी मीटरशी जुळतात का, आणि आधीचे कर्ज फिटून फॉर्म ३५ ने बोजा उतरवला आहे का, हे टोकन देण्याआधी तपासावे.

नवी गाडी बुक करण्यापूर्वी शोरूमच्या आसपासच्या दहा मिनिटांच्या फेरीवर समाधान मानू नये. संध्याकाळच्या गर्दीत अर्धा तास तरी टेस्ट ड्राइव्ह मागावी, ती स्वतः चालवावी आणि उतरल्यावर गुडघा व कंबर काय म्हणतात ते पाहावे.