क्षारात वाढणाऱ्या बॅक्टेरियाचं अमायलेज उष्णतेलाही टिकतं का?

तुम्ही विचारलंय की क्षारपड मातीतल्या बॅक्टेरियाचं अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) घेतलं तर ते उष्णतेलाही टिकेल का आणि कपड्याच्या पावडरीत चालेल का. क्षार (इथं मीठ नव्हे, सोड्यासारखा अल्कली, जास्त पीएच) सोसणं वेगळं आणि उष्णता सोसणं वेगळं, दोन्ही वेगवेगळं तपासावंच लागतं.

बेळगावात एमएस्सी करताना माझा प्रोजेक्ट हाच होता. माती आणलेली कागवाडकडच्या मामाच्या रानातनं, वर्षानुवर्षं भरमसाट पाणी देऊन ऊस घेतला आणि निम्मं रान क्षारपड झालंय, उन्हाळ्यात वर पांढरी खपली येते, तीच पिशवीत भरली. बॅक्टेरिया वाढवायच्या मीडियात स्टार्च आणि सोडियम कार्बोनेट, पीएच १० (कार्बोनेट वेगळं ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करा, नंतर मिसळा).

आता इथं सांभाळा, माझे दोन आठवडे यातच गेले. प्लेटवर आयोडीन ओतलं की स्टार्च निळाकाळा होतो आणि अमायलेजनं खाल्लेल्या जागी कॉलनीभोवती स्वच्छ गोल दिसतो, पण पीएच १० ला क्षारामुळं आयोडीनचाच रंग उडतो, सगळी प्लेट फिकी पडली आणि आम्हाला वाटलं सगळ्याच कॉलन्या भारी. मॅडमनी आधी पातळ ॲसिड घालायला लावलं, मग आयोडीन, तेव्हा बावीसपैकी चारच खऱ्या निघाल्या.

या बॅक्टेरियाच्या पेशीत आतला पीएच बाहेरच्यापेक्षा बराच कमी असतो, पण स्टार्चचा रेणू एवढा मोठा की आत जातच नाही, म्हणून अमायलेज बाहेर सोडावं लागतं आणि त्याला क्षारातच राबावं लागतं. उष्णतेची अशी काही सक्ती नसते, माझा बॅक्टेरिया ३७ अंशाला वाढायचा, त्याला ८० अंशाशी काय देणंघेणं? जपानच्या कोकी होरिकोशींनी १९७१ साली क्षारप्रेमी बॅसिलस बॅक्टेरियाचं अमायलेज दाखवलं, ते पीएच १० ते १०.५ ला सगळ्यात जोरात चालतं. उलट ९० अंशाला चालणारं प्रसिद्ध अमायलेज बॅसिलस लायकेनिफॉर्मिसचं, आणि त्याला वाढायला असला कडक क्षार लागत नाही.

तपासताना एन्झाइम स्टार्च न घालता ७० अंशाला ठेवा, दर दहा मिनिटांनी थोडं काढून बर्फात टाका, मग उरलेली ॲक्टिव्हिटी डीएनएसनं (सुटलेली साखर रंगावरून मोजायची चाचणी) मोजा. स्टार्चसकट तापवून भरपूर साखर आली म्हणून ते टिकाऊ ठरत नाही, कारण स्टार्चच त्याला सावरून धरतो. कॅल्शियमचंही तसंच, बऱ्याच अमायलेजांचा आधार तोच असतो आणि पावडरीत तर कॅल्शियम ओढून घेणारी द्रव्यं असतात, म्हणून ईडीटीए (असंच कॅल्शियम ओढून घेणारं रसायन) घालूनही एकदा बघाच.

आणि पावडरीसाठी ९० अंशाच्या मागं लागू नका, आपल्याकडं आमटीभाताचे डाग गार पाण्यातच भिजत घालतात. मागावरच्या कापडाची खळ गरम पाण्यात काढायची असेल तर मात्र उष्णतेला टिकणारंच शोधा.