भाताला दोष देण्याआधी पातेलं कोण पुसतं ते बघा

तुमचं म्हणणं असं की डाएट करून 9 किलो कमी केले, वर्षभरात सगळे परत आले, तर आता रात्रीचा भात बंद करू का, पोळीऐवजी भाकरी चालू करू का, उपवास धरू का आणि परत वाढू नये म्हणून खाण्याच्या काय सवयी लावू. मी इथे नुसती वाचत असते, लिहीत नाही कधी, पण तुम्ही भाताचं नाव काढलंत आणि मग राहवेना.

मी नाशिकला सिडकोत राहते, घरून डबे देते. अंबड एमआयडीसीतली पोरं आणि जवळपासचे एक आजी-आजोबा धरून रोजचे 35-40 डबे होतात. उंची पाच फूट एक इंच आणि वजन होतं 79. एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या जाऊबाई चार बायकांत म्हणाल्या, "हिचं काय बाई, दिवसभर भाताच्या वाफेत उभी, वाफेनंच फुगली असेल." सगळ्या हसल्या, मी पण हसले, हातात तिळगूळ होता, करणार काय. घरी येऊन भात सोडला. दोन महिने ताटात शीत नाही, आणि उतरलं किती तर दीड किलो, तेसुद्धा माहेरी एक लग्न झालं त्यात भरून निघालं.

मग एक दिवस पोळ्या लाटायला येतात त्या मावशी सहज म्हणाल्या, ताई तुम्ही जेवता कधी हो, मी तर तुम्हाला बसून जेवताना बघितलंच नाही. मला ते लागलं. खरंच, मी बसून जेवायचे ते दीड पोळी आणि भाजी, आणि त्यावर सगळ्यांना सांगत सुटायचे की मी काहीच खात नाही तरी वाढतं, हवेनं वाढतं, थायरॉइड असेल (तपासलं, नव्हतं).

दुसऱ्या दिवशी मी एक रिकामा चार पुडाचा डबा ओट्यावर ठेवला आणि ठरवलं, आज उभ्या उभ्या जे काही तोंडात जाणार होतं ते सगळं ह्यात टाकायचं. फुगली नाही म्हणून बाजूला काढलेली पोळी गेली, एक करपलेली गेली. पातेल्याच्या बुडाची बटाट्याच्या भाजीची खरड, आणि सुक्या भाजीचं तेल खाली बसतं हे स्वयंपाक करणाऱ्याला सांगायला नको, म्हणजे सगळ्यात तेलकट भाग तोच. मुलाने टाकलेला अर्धा पराठा. चहासोबत येताजाता मूठ मूठ करून मक्याचा चिवडा. रात्री साडेदहाला कुकरमधला वाटीभर भात, कारण भात सोडलेला असला तरी "एवढासा काय ठेवायचा फ्रीजमध्ये". आवराआवर झाली आणि बघते तर चार पुडांपैकी तीन भरलेले, चौथ्यात चिवडा. गिऱ्हाइकाला ज्याचे पैसे लावते तो अख्खा डबा मी रोज माझ्या जेवणावर वर जेवत होते!! त्या डब्याकडे बघत मी ओट्याला टेकून किती वेळ उभी होते काय माहीत.

तर माझं सरळ मत, बायकांचं निम्मं वजन हे उरलंसुरलं संपवण्यातून येतं. अन्न टाकू नये हे बरोबर आहे, पण आपलं पोट म्हणजे घराची कचरापेटी नाही. सासूबाईंना हे पटायला दोन वर्षं गेली.

मी केलं काय, तर डबा हवाय की नाही ते सकाळी आठच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायचं असा नियम केला, म्हणजे उरतंच कमी. उरलेला भात झाकून लगेच फ्रीजमध्ये, सकाळी फोडणीचा भात, पण तो नाश्ता म्हणून, नाश्त्यानंतरचा नाही. खायचं ते ताटात घेऊन, बसून. घरचं तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, पहिल्या तारखेला वेगळ्या बरणीत काढून ठेवते, संपलं की संपलं. पोह्याचा एक मोठा चमचा तेल म्हणजे 120च्या आसपास कॅलरी, आणि आपण फोडणीला पळीनं ओततो. बुधवारी गंगेवरच्या (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) बाजारातून गाजर, काकडी, मुळा, मेथी आठवड्याचं आणते, ताटात आधी ते आणि घट्ट वरण किंवा उसळ, मग बाकीचं. रविवारची मिसळ सोडलेली नाही, नाशिकमध्ये राहून मिसळ सोडा सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही, फक्त दुसरा पाव आणि तर्रीची दुसरी वाटी घेत नाही.

पोळी की भाकरी म्हणाल तर गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ, कोरडं धान्य 100 ग्रॅम घेतलं तर सगळ्यांच्या कॅलरी साडेतीनशेच्या मागेपुढेच आहेत. भाकरीला तेल लागत नाही आणि एकीत पोट भरतं, फायदा तेवढाच. भाकरीवर लोण्याचा गोळा घेणार असाल तर पोळीच खा. भात वाटीनं मोजून खुशाल खा, रात्री पण.

79 चे 67 व्हायला मला दीड वर्ष लागलं आणि तीन वर्षं झाली, 67-68 वरच आहे. जाऊबाईंनी मध्यंतरी वजन उतरवायला कुठले तरी प्यायचे शेक घेतले (कंपनीचं नाव घेत नाही), तीन महिन्यांत 11 किलो उतरवून फोटो टाकले, दिवाळीपर्यंत 12 परत. तुमचंही तेच झालंय. वजन उतरलं की शरीराला आधीपेक्षा कमी लागतं आणि भूक मात्र जास्त लागते, त्यात आपण डाएट संपलं म्हणून जुन्या ताटावर जातो. जे ताट पुढची दहा वर्षं जेवू शकाल तेच आत्ता वाढून घ्या. मी दर सोमवारी सकाळी काट्यावर उभी राहते, दोन किलो वर दिसलं की पहिली तेलाची बरणी बघते.

आता हेही सांगते की चार्टप्रमाणे मी अजून जाडच आहे, आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) 23च्या आत धरतात, म्हणजे मला 55 पाहिजे. मरो ते. गुडघे दुखत नाहीत, पांडवलेणी न थांबता चढते. आणि शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर माझं ऐकून जेवण कमी करू नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते, आधी डॉक्टरला विचारा. पुरुष असाल तर पातेलं बहुतेक तुम्ही पुसत नसाल, तुमचं वेगळं काही असेल, एक दिवस रिकामा डबा ठेवून बघा.

उपवासाचं राहिलंच. साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिठूळ दाणा, वर शेंगदाण्याचं कूट, वर तूप. श्रावणी सोमवार देवासाठी करा, वजनासाठी करू नका. आमच्या जाऊबाई दोन्हीसाठी करतात.