चौथ्या खुर्चीपर्यंत फायदा नाही

प्रश्न : आजोबांची सागवानी खुर्ची घरात आहे, साधारण साठ वर्षांची. बैठक खचली आहे, स्प्रिंगा टोचतात. कुशनवाल्याने व्हॉट्सॲपवर फोटो बघून ११,५०० रुपये सांगितले. त्यात ६,९०० सामानाचे आणि ४,६०० मजुरीचे. त्यापेक्षा स्वतःच शिकून करावं असं मनात आहे. हातहत्यारं २,७०० ची, कॉम्प्रेसर आणि हवेवरचा स्टेपलर १३,८०० चा, सामान तेच. एकूण २३,४००, क्रेडिट कार्डावर सहा महिन्यांच्या 'नो कॉस्ट' हप्त्यांत. मिस्टर म्हणतात, अशा खुर्च्या ऑनलाइन २५ हजारांना लागलेल्या दिसतात, म्हणजे ही गुंतवणूकच झाली. आमचा घरखर्च महिना ३८ हजार, अडीअडचणीला बाजूला ठेवलेले ४५ हजार. करू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, खुर्ची जरूर करा. कॉम्प्रेसर मात्र घेऊ नका.

सामान तुम्ही आणा की कुशनवाल्याने, ते ६,९०० लागणारच. म्हणजे स्वतः केल्याने वाचते ती फक्त मजुरी, ४,६००. तीन खुर्च्यांची मजुरी वाचवलीत की १३,८०० होतात, बरोबर कॉम्प्रेसरची किंमत. हातहत्यारांचे पैसे वसूल व्हायला चौथी खुर्ची लागेल. तुमच्या घरात अशी खुर्ची एकच आहे.

नुसत्या हातहत्यारांवर गणित बरं दिसतं. ४,६०० मधून २,७०० गेले, १,९०० हातात. पण नवशिक्याचा हात कापडावर चुकतो. मीटरला ९०० चं कापड धरलं आणि बैठकीचा सव्वा मीटरचा एक तुकडा वाया गेला, तर ११२५ गेले. उरले पावणेआठशे. माझ्या ऑफिसात एक स्टूल आहे, त्याचं कापड मी मोठ्या उत्साहाने फळीच्या मापाचं कापलं होतं. फोमची जाडी आणि खाली वळवून ठोकायची पट्टी धरायलाच विसरलो! दुसऱ्यांदा कापड आणलं तर रेघा तिरक्या गेल्या. क्लायंट अजून विचारतात.

कॉम्प्रेसरचा मोह का होतो, तेही मला कळतं. जुनं सागवान कडक असतं. हाताने दाबायच्या स्टेपल गनची पिन त्यात अर्धीच शिरते, मग हातोडीने बसवावी लागते. पण ही खुर्ची भरली गेली तेव्हा बहुधा स्टेपलर नव्हताच, बारीक चुका (छोटे खिळे) आणि छोटी हातोडी एवढ्यावर भागलं असणार. तुमचंही भागेल. नाहीतर ओळखीच्या सुताराकडून दोन दिवसांसाठी गन मागून आणा.

'नो कॉस्ट' शब्दावरही जाऊ नका. रोख घेतलं तर मिळणारी सूट बहुतेक वेळा हप्त्यांत मिळत नाही, बँक प्रक्रिया शुल्क लावते आणि हप्त्यांत दडलेल्या व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी कार्डावर येतो. हप्ता साधारण ३,९०० चा. ज्या घरात महिन्याला ३८ हजार लागतात आणि बाजूला ४५ हजार आहेत, त्या घरात सव्वा महिन्याचीही सोय नाही. किमान तीन महिन्यांचा खर्च साठेपर्यंत हौसेसाठी हप्ता नको. तुमच्या पत्रात मला खुर्चीपेक्षा हा आकडा जास्त टोचला.

आता मिस्टरांची गुंतवणूक. ऑनलाइन दिसते ती मागितलेली किंमत. किती जणांनी ती मोजली, ते तिथे दिसत नाही. एक गोष्ट खरी, घरात वापरलेलं फर्निचर प्राप्तिकर कायद्यात भांडवली मालमत्ता धरत नाहीत, त्यामुळे उद्या विकलीत तर भांडवली नफ्यावर कर नाही. पण आजोबांची खुर्ची तुम्ही विकणार आहात का? नसाल, तर मालमत्तेच्या यादीत तिची किंमत शून्य लिहा आणि हा खर्च हौसेच्या खात्यात टाका. तिथे तो शोभतो.

मी तुमच्या जागी असतो तर आधी खुर्ची उलटी केली असती. तळाचं कापड चुका उपसून काढा, बॅटरी मारून आत बघा. लाकडाला बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा असेल तर कीड आहे. खुर्चीचे हात धरून हलवल्यावर सांधे कुरकुरले तर सुतारकाम आलं. हे फोटोत दिसत नाही, म्हणून ११,५०० हा आकडा पक्का धरू नका. दोन-अडीच हजार वर ठेवा.

मग कुशनवाल्याला घरी बोलावून कामाचे दोन भाग करून विचारा : निवार ताणणं, स्प्रिंगा सुतळीने बांधणं, वर गोणपाट आणि काथ्या एवढं त्याने करायचं, फोम आणि कापड तुम्ही. स्प्रिंगांची बांधणी पुस्तकं वाचून जमत नाही. एक गाठ सैल पडली की बैठक एका बाजूला कलते आणि सगळं पुन्हा उसवावं लागतं. तो बांधत असताना शेजारी बसा, चहा द्या, बघा. फोम बैठकीला ४० डेन्सिटीचाच (घनमीटरला ४० किलो भरणारा) घ्या. त्यात वाचवलेले पैसे वर्षभरात खड्डा होऊन दिसतात.

जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या असतील आणि त्यांची बैठक स्क्रू काढून सुटत असेल, तर पहिला हात त्यांच्यावर साफ करा, स्वस्त कापडावर. आजोबांच्या खुर्चीचं जुनं कापड मात्र कात्रीने फाडून काढू नका. टाके उसवून अख्खं काढा, प्रत्येक तुकड्यावर खडूने नाव घाला, 'पाठ', 'बैठक', 'डावी बाजू'. नवं कापड त्यांच्यावरच बेतायचं आहे.