वाचकांचे प्रश्न : पांढरं जाणं, महालक्ष्म्यांच्या गोळ्या आणि बंद झालेली पाळी

प्रश्न : वय ३४, राहणार लोकमान्य नगर, इंदूर. दोन वर्षांपासून अंगावर पांढरं जातं. सासूबाई म्हणतात, हाडं झिजून जातात, म्हणून तुझी कंबर दुखते. मी रोज तुरटीच्या पाण्यानं आतपर्यंत धुते, वर सुवासिक वॉशही लावते. वास जात नाही, उलट आता आग व्हायला लागली आहे.

उत्तर : हाडांचा याच्याशी काहीही संबंध नाही. गर्भाशयाच्या मुखातला चिकट स्राव आणि योनीमार्गाच्या अस्तराच्या गळून पडलेल्या पेशी मिळून हे पांढरं तयार होतं. पाळी येणाऱ्या प्रत्येक निरोगी बाईला ते जातं, दिवसाला साधारण अर्धा ते एक चहाचा चमचा. पाळीच्या सुमारे दोन आठवडे आधी ते अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं, तार धरणारं होतं. गरोदरपणात वाढतं. कपड्यावर वाळलं की पिवळसर दिसतं, त्यानं घाबरू नका. कंबरदुखीचं कारण वेगळं शोधायला हवं. पांढऱ्याला दोष देत बसलं की ते शोधायचं राहूनच जातं.

तुमची आग मात्र बहुधा धुण्यामुळेच होते आहे. योनीमार्गात दह्यातल्या जंतूंच्याच कुळातले चांगले जंतू राहतात. ते आम्ल तयार करतात आणि तिथला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितका आंबटपणा जास्त) ३.८ ते ४.५ इतका ठेवतात. या आंबटपणात वाईट जंतू वाढत नाहीत. अंगाच्या साबणाचा पीएच ९-१० असतो. साबण असो, तुरटी असो की सुवासिक वॉश, आत गेला की हे विरजणच बिघडतं. चांगले जंतू कमी होतात, दुसरे वाढतात, वास येतो. वास आला म्हणून बाई आणखी धुते. हा फेरा तुम्हीच तोडू शकता.

आजपासून आत बोट, पाणी, पिचकारी काही नको. आंघोळीच्या वेळी फक्त बाहेरची त्वचा साध्या कोमट पाण्यानं हातानं धुवा, हात पुढून मागे न्या, टॉवेलनं टिपून कोरडं करा. सुती निकर वापरा, रोज पँटी लायनर लावू नका. (दही आत लावण्याचा सल्लाही कोणी देईल. दही जेवणातच बरं.) दहा दिवसांत आग किंवा वास गेला नाही, तर तपासून घ्या.

आजार कधी समजायचा? फुटलेल्या दह्यासारखं घट्ट आणि प्रचंड खाज, ही बुरशी. वर्षात तीन-चारदा झाली तर साखर तपासा. कधी कधी मधुमेह आधी इथेच कळतो. पातळ, राखाडी, माशासारखा वास, विशेषतः संबंधानंतर, हे जंतूंचं बिघडलेलं संतुलन. हिरवट-पिवळं आणि फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास हा जंतू असू शकतो. त्यात नवऱ्यानंही त्याच वेळी औषध घ्यावं लागतं, नाहीतर दुखणं फिरून तुमच्याकडेच येतं. तिन्हींवरचे उपचार सारखे नाहीत. म्हणून मेडिकलवर ‘पांढऱ्याची किट द्या’ म्हणू नका. पांढऱ्यासोबत ओटीपोटात दुखून ताप आला किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, तर दहा दिवस थांबायचं नाही, लगेच जायचं.

प्रश्न : आमच्याकडे महालक्ष्म्या असतात आणि पाळी नेमकी त्याच दिवसांत येते. दरवर्षी मेडिकलवरून पाळी लांबवायच्या गोळ्या आणते. यंदा पोट दुखायला लागल्यावर सुरू केल्या, तरी पाळी आलीच. जास्त घ्यायला हव्या होत्या का?

उत्तर : नाही. चूक वेळेची झाली. या गोळीत नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक असतं. गर्भाशयाचं अस्तर त्यानं टिकून राहतं. पण अस्तर एकदा सुटायला लागलं की दुप्पट गोळ्यांनीही ते मागे फिरत नाही. नेहमीचा डोस ५ मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून तीनदा, दर आठ तासांनी, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून. म्हणजे तारीख १२ असेल तर ९ पासून. स्वयंपाकाच्या गडबडीत दुपारची गोळी राहिली की डाग दिसतो. मोबाईलवर गजर लावा. गोळी थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. आठवडाभरात आली नाही तर गर्भचाचणी करा, कारण ही गोळी गर्भनिरोधक नाही.

मेडिकलवाला जे विचारत नाही, ते आम्ही विचारतो. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली होती का? घरात कोणाला? डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे चमकतं का? यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, कारण न कळलेला रक्तस्राव? एकालाही ‘हो’ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी नको. गोळी सुरू असताना एकच पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला तर तासाभराचाही उशीर न करता दवाखाना गाठा.

निरोगी बाईनं वर्षातून एकदा नीट विचारून घेतली तर हरकत नाही. पण हरतालिका, महालक्ष्म्या, नवरात्र, मग कोणाचं लग्न, असं ओळीनं चाललं की तुमची खरी पाळी कशी आहे हेच कळेनासं होतं. आणि एक मनापासून सांगतो : पाळीत शरीर अशुद्ध होत नाही. गोळी घ्यायची की पुरणाचा स्वयंपाक जाऊबाईंच्या हाती द्यायचा, हे घरातल्या बाकीच्यांनी नाही, तुम्ही ठरवायचं.

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची, पाळी येऊन वर्ष झालं. कधी ३० दिवसांनी येते, कधी ४५. पोट फार दुखतं, पण गोळी दिली तर पुढे मूल होत नाही म्हणतात. केस धुवू द्यावेत का?

उत्तर : धुवू द्या. पहिली दोन-तीन वर्षं २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. ९० दिवसांहून जास्त लांबली तर दाखवा. दुखण्यावरच्या गोळीनं मूल होण्यावर परिणाम होत नाही. वजनाप्रमाणे डोस एकदा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि दुखायला लागताच, काही खाऊन मग द्या. लोळेपर्यंत वाट पाहिली की गुण कमी येतो. दमा असेल तर आधी सांगा. गोळी घेऊनही दर महिन्याला शाळा बुडत असेल, तर ‘लग्न झालं की थांबेल’ म्हणून सोडून देऊ नका.

पॅड कमी भरलं तरी चार ते सहा तासांनी बदलायचं, तेव्हा शाळेच्या दप्तरात दोन ठेवा. वापरलेलं कागदात गुंडाळून इंदूरच्या कचरागाडीत त्यासाठी असलेल्या वेगळ्या कप्प्यात टाकायला शिकवा. संडासात किंवा ओल्या कचऱ्यात नको.

प्रश्न : वय ५६. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात दोन दिवस थोडं रक्त गेलं. बहीण म्हणते, अंगात रक्त वाढलं, चांगलंच आहे.

उत्तर : ताई, हे पत्र वाचून झालं की याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली. त्यानंतरचा एक डागसुद्धा पाळी नसतो. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, अस्तर पातळ होऊन कोरडं पडणं किंवा छोटासा मांसल कोंब. पण गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूणही हीच असते, आणि तेव्हाच सापडला तर बहुतेक जणी ऑपरेशननं बऱ्या होतात. वजन जास्त, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर धोका वाढतो.

आधी योनीमार्गातून सोनोग्राफी होईल. त्यासाठी पाणी पिऊन पोट फुगवायचं नसतं, उलट लघवी करून जायचं. अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर त्याचा बारीक तुकडा तपासायला घेतात. बहुधा ओपीडीतच होतं, पाळीसारखी कळ येते. रक्त पातळ करणाऱ्या किंवा स्तनाच्या आजारासाठीच्या गोळ्या चालू असतील तर पाकिटं सोबत न्या. आणि त्या दिवशी रक्त जात असलं तरी संकोचून तारीख पुढे ढकलू नका, तपासणी तशीही होते.