सुऱ्याआधी, पाण्यापासून सुरुवात कर

भाऊ, जंगलात तग धरायला शिकायचं म्हणून आधी कुठला सुरा घेऊ, असं विचारतोस. महागडा सुरा राहू दे. नागपूरच्या मे महिन्यात जंगलात भुकेच्या कितीतरी आधी तहानच माणसाला गाठते.

नाल्याचं पाणी थेट भरू नकोस. काठापासून दोन हात अंतरावर वाळूत खड्डा कर, आधीचं गढूळ पाणी उपसून टाक, मग झिरपेल ते चौपदरी सुती कापडातून गाळ. गाळल्याने फक्त गाळ जातो, जंतू नाही. म्हणून खळखळ उकळी आल्यावर पूर्ण १ मिनिट उकळू दे. आणि संत्र्याच्या बागेतून किंवा कपाशीच्या वावरातून उतरणारा नाला सोडूनच दे. फवारणीचं औषध उकळून जात नाही.

विस्तवाचा सराव घरच्या अंगणात. राखीव जंगलात आग पेटवणं हा गुन्हा आहे, आणि सागाचा वाळका पाला उन्हाळ्यात ठिणगीचीच वाट पाहतो.

चकमकीसाठी जळका कपडा, म्हणजे ठिणगी पडली की धुमसू लागणारं कोळशासारखं कापड, असा कर: जुनी सुती बनियन, दोन-दोन बोटांचे तुकडे, टिनच्या डबीत सैल भर. झाकणाला खिळ्याने एकच भोक. निखाऱ्यावर ठेव, भोकातून धूर थांबला की उतरव. इथेच बहुतेक जण घाई करतात: गरम डबी उघडली की हवा शिरते आणि सगळी राख. पूर्ण गार होऊ दे. तुकडा काळा, अखंड हवा; तपकिरी राहिला तर ठिणगी धरत नाही, पुन्हा ठेव. टेरीकॉट चालत नाही, वितळतं.